खोक्याचे वजन

व्यापारी माणूस रात्री रोजकीर्द मिळवल्याशिवाय गादीवरून उठत नाही. दहा रुपयांची तफावत असली, तरी ती सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. तरीही दिवसभरातील काही व्यवहार कोणत्याच वहीत चढत नाहीत. सवयीने झालेले व्यवहार त्यांपैकीच.

एका मिठाईच्या दुकानात पेढे खोक्यासह तोलले जात. वडिलांच्या काळापासूनची ती रीत होती. तिच्यात काही वावगे आहे, असे कोणाच्या मनात येत नसे. रिकामे खोके 60 ग्रॅमचे आणि पेढ्यांचा भाव 600 रुपये किलो. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक 36 रुपये पुठ्ठ्याचे मोजत असे. दिवसाला 40 खोकी गेली, की 2 किलो 400 ग्रॅम पेढे विकले जाऊनही दुकानातच उरत.

पर्युषणात एके दिवशी पाठशाळेतून आलेली नात तत्त्वार्थसूत्रातील अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आजोबांना म्हणून दाखवत होती. चौथ्या अतिचाराशी, ‘हीनाधिकमानोन्माना’शी, ती अडखळली आणि तिने अर्थ विचारला. “घेताना जास्त मापणे आणि देताना कमी,” आजोबा म्हणाले. आणि सांगता सांगताच त्यांची नजर काट्याकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून रिकामे खोके ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मगच पेढे भरायचे, असे ठरले. त्याच रात्री अर्धा किलो पेढे कमी भरले. दुसऱ्या रात्रीही तेवढेच. बारा वर्षे विश्वासाने राहिलेल्या नोकराला विचारताच त्याने मान खाली घातली. “शेठजी, रोज वरचे पेढे उरायचे. ते कुठल्याच वहीत नव्हते. मला वाटले, ते कोणाचेच नाहीत.”

शेठजी निरुत्तर झाले. ते पेढे गिऱ्हाइकांचे होते. एकाने ते तोलताना ठेवून घेतले, दुसऱ्याने रात्री उचलून नेले. पाच अतिचारांतील पहिला ‘स्तेनप्रयोग’, म्हणजे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे. त्यासाठी तोंडाने काही सांगावेच लागते, असे नाही, हे शेठजींना त्या रात्री उमगले. नोकर बारा वर्षे त्यांचा हातच पाहत आला होता.

त्यांनी नोकराला काढले नाही. खोक्याचा खर्च धरून भाव उघडपणे वाढवला आणि तशी पाटी लावली. काही गिऱ्हाइके कुरकुरली, काही तुटली. मात्र त्यानंतर रात्रीचा माल आणि वही यांचा मेळ बसू लागला.

आपल्या परंपरेत सांवत्सरिक प्रतिक्रमण आहे, तसेच दैवसिकही आहे. दोन्ही का, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. आजची तफावत आज बसल्या बैठकीला सापडते. बारा वर्षांची शोधायला गेले, तर ज्यांचे देणे लागतो, ती गिऱ्हाइकेही सापडत नाहीत.