न जगलेल्या आयुष्याची हळहळ

दहावीचा निकाल लागला की अनेक मध्यमवर्गीय घरांत एक जुनाच खटला पुन्हा उभा राहतो. मुलाने कोणती शाखा घ्यावी, एवढाच वास्तविक प्रश्न असतो. परंतु त्याच्या आडून वडिलांची तीस वर्षांपूर्वी हुकलेली संधी बोलू लागते. चार गुण अधिक पडते तर, त्या वेळी कोणी फी भरली असती तर, खात्याच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलो असतो तर! या साऱ्या 'तर'चे ओझे अखेर सोळा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर चढते.

हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. हातून अपराध घडला असेल तर पश्चात्ताप हवाच, कारण भरपाईची वाट त्यातूनच निघते. पण हुकलेल्या संधीची हळहळ कोणाचीच भरपाई करीत नाही. ती प्रत्यक्ष आयुष्याची तुलना कोणीच न जगलेल्या आयुष्याशी करीत बसते. त्या काल्पनिक आयुष्यात बढती वेळेवर मिळते, वरिष्ठ गुणग्राही असतात आणि घरात कोणी आजारी पडत नाही. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे कोणाचा संसार टिकणार?

धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. परीक्षेला बसण्यासाठी ते कोकणातून साताऱ्यापर्यंत, भर पावसात आणि अवघड वाटेने, सुमारे ११० मैल पायी गेले. आणि वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यांना बसू दिले नाही. निराशा जिव्हारी लागावी अशीच होती. पुढे १८८४ मध्ये ते पदवीधर झाले, १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. नकारातूनच थोरवी जन्मते, असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. व्याख्यानांतून तो नेहमी काढलाही जातो. तो खोटा आहे. परीक्षेच्या दारातून परत फिरलेले सगळेच महर्षी होत नाहीत. बहुतेक जण साधे शिक्षक किंवा कारकून होतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. घेण्यासारखे आहे ते निराळेच. कर्व्यांनी ती निराशा लपविली नाही. पण त्यांच्या १०४ वर्षांच्या आयुष्यात सातारा हा एक प्रसंगच राहिला.

'आहे त्याबद्दल कृतज्ञ असावे' हा उपदेश पुष्कळदा खुर्चीवर बसलेल्यांना सोयीचा असतो, हेही विसरून चालणार नाही. डावललेल्या कारकुनाने अपील अवश्य करावे; थकलेला भत्ता मागणे ही हळहळ नव्हे. मात्र अपिलाचा निकाल लागल्यावरही जो रोज रात्री तीच फाइल जेवणाच्या ताटाशेजारी उघडतो, त्याचा भुर्दंड कार्यालयाला पडत नाही. तो पडतो समोर बसलेल्या माणसांना. दिवसभराची हकीकत सांगण्यास आलेली मुलगी हळूच उठून जाते. 'आज जेवण कमी का?' हा म्हाताऱ्या आईचा प्रश्न तसाच राहतो. असा प्रश्न विचारणारे कोणी घरात आहे, ही गोष्ट जमेच्या बाजूला कधी मांडलीच जात नाही.

निकालपत्र घेऊन मुलगा दारात उभा असेल, तेव्हा त्याला काय शिकावेसे वाटते ते वडिलांनी एकदा विचारावे, आणि तो बोलत असताना स्वतःच्या परीक्षेचा विषय काढू नये.