बाटली कोणाच्या ताब्यात होती?

मद्य पिऊन वाहन हाकणारा इसम रस्त्यावरच्या प्रत्येक पादचाऱ्याच्या जिवाशी खेळत असतो आणि त्याला कठोर शासन झाले पाहिजे, याविषयी प्रस्तुत लेखकाचे कोणाशीही भांडण नाही. भांडण आहे ते, या निर्विवाद सिद्धांताच्या पाठोपाठ, जणू त्याचाच उपसिद्धांत असावा अशा थाटाने, वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून हल्ली जे दुसरे विधान केले जाते त्याच्याशी. अशा खटल्यांत पोलिसांच्या पुराव्याची चिकित्सा करीत बसणे म्हणजे मद्यप्यांना पाठीशी घालणे होय, वकील मंडळी पंचनाम्यातले स्वल्पविराम मोजतात आणि त्या स्वल्पविरामांच्या आडून गुन्हेगार निसटतात, फौजदाराला नाक आहे आणि यंत्राला आकडा आहे, मग आणखी काय हवे, असा हा पूर्वपक्ष आहे. ज्याच्या घरचा माणूस अशा अपघातात गेला त्याच्या तोंडी तो क्षम्यही आहे. परंतु ज्यांना कायद्याचा विचार शांतपणे करण्याची सवड आहे, त्यांनी तो उच्चारावा याचे मात्र नवल वाटते.

नाकापासूनच आरंभ करू. ‘तोंडास दारूचा उग्र वास येत होता, डोळे तांबारलेले होते, चालताना झोक जात होता’ हा मजकूर ज्याने दोनचार फौजदारी खटल्यांचे कागद चाळले आहेत त्याला तोंडपाठ असतो. जिल्हा बदलतो, अंमलदार बदलतो, आरोपी बदलतो, पण वाक्य बदलत नाही. डोक्याला मार लागलेला मनुष्यही झोकांड्या खातो, रात्रभर गाडी हाकून थकलेल्याचेही डोळे लाल होतात, आणि मधुमेह विकोपाला गेलेल्या रोग्याच्या श्वासाला जो वास येतो तो अनभिज्ञाला मद्याचा वाटू शकतो. १९५१ साली मुंबईत एका जीपने तिघांना धडक दिली. चालक खुद्द मोटार वाहतूक खात्यातला अधिकारी होता, त्याच्या तोंडाला वास येत होता, आणि आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते असा त्याचा बचाव होता. मॅजिस्ट्रेटने त्याला सोडले, हायकोर्टाने दोषी ठरवले, आणि पेसिकाका खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की औषधी द्रवांपुरती दारूबंदी अगोदरच घटनाबाह्य ठरलेली असल्यामुळे आरोपीने निषिद्ध मद्यच प्राशन केले होते हे सरकारपक्षाने शाबीत केले पाहिजे, नुसत्या वासाने ते शाबीत होत नाही.

या निकालानंतर मुंबईच्या विधिमंडळाने १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळले, की आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. नाकाच्या जागी आकडा आला, ही सुधारणाच होती. परंतु आकडा आकाशातून पडत नाही. तो एका लहानशा काचेच्या बाटलीतून येतो, आणि त्या बाटलीला हात लावणारी माणसे असतात.

धुळ्याच्या खटल्याने हे जितके स्वच्छ दाखवले तितके दुसऱ्या कशानेही दाखवले नसेल. ३ एप्रिल १९६१ रोजी धुळे जिल्ह्यात एका मोटारीला अपघात झाला. जखमी चालकाला सिव्हिल हॉस्पिटलात नेले आणि तेथे त्याचे रक्त घेतले. मुंबईच्या रासायनिक परीक्षकाने पुढे त्यात ०.०६९ टक्के मद्यार्क असल्याचा दाखला दिला. आकडा कायद्याच्या रेषेपलीकडचा, म्हणजे वरवर पाहता प्रकरण संपले. पण उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने साधे प्रश्न विचारले आहेत. १३ एप्रिलला फौजदाराने मागितली तेव्हा ती बाटली त्याला मिळाली. तोपर्यंतचे दहा दिवस हॉस्पिटलात ती कोणाच्या ताब्यात होती? १३ पासून १८ एप्रिलपर्यंत ती पोलिसांकडे होती. तेव्हा तिच्यात कोणी हात घालू नये यासाठी कोणती खबरदारी घेतली होती? दफ्तरात यांपैकी कशाचाही पुरावा नव्हता. खानदेशातला एप्रिल कसा असतो हे खानदेशाबाहेरच्यांनाही सांगावे लागू नये. रक्तात सोडियम फ्लोराइडसारखे द्रव्य पुरेसे घातले नसेल आणि ते उष्णतेत पडून राहिले, तर सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने त्यात नवा मद्यार्क निर्माण होऊ शकतो, आणि बूच सैल असेल तर असलेला मद्यार्क उडूनही जाऊ शकतो. ०.०५ आणि ०.०६९ यांमधल्या अंतरावर एका मनुष्याचे स्वातंत्र्य अवलंबून असताना हे प्रश्न स्वल्पविरामाचे आहेत असे म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे? शिवाय न्यायालयाने या उणिवा दिसताच आरोपीला हार घालून घरी पाठवले नाही. सबंध खटला नव्याने चालवण्याचे कारण नाही, हवा तेवढा अधिक पुरावा अपिलात घेता येईल, असा त्याचा रोख होता. चिकित्सा आणि सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पूर्वपक्ष सोयीस्करपणे विसरतो.

आता यंत्राकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मूळ १९८८ साली रक्तातला मद्यार्काचा अल्पसा अंशही गुन्हा ठरत असे. १९९४ च्या दुरुस्तीने शंभर मिलिलिटर रक्तामागे तीस मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, आणि ती श्वासयंत्राने मोजावी असे म्हटले. म्हणजे मर्यादा रक्ताची आणि मोजणी श्वासाची! श्वासातल्या मद्यार्काला ठरावीक गुणकाने, बहुधा २१०० ने, गुणून रक्ताचा आकडा काढतात. हे प्रमाण माणसागणिक, आणि एकाच माणसात वेळेगणिकही, थोडेफार बदलते. नुकताच घोट घेतलेल्याच्या तोंडातच मद्यार्क रेंगाळत असल्याने पंधरा मिनिटे थांबून फुंकर घ्यावी, ही शास्त्राची अट आहे. नाकाबंदीवर मागे शंभर वाहनांची रांग लागली असता ती कितपत पाळली जाते, हे वाचकांनीच ठरवावे. ज्याचा आकडा दोनशे भरतो त्याने अशा शंकांचा आसरा घेऊ नये, आणि न्यायाधीशाने तो घेऊ देऊ नये, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण ज्याचा आकडा चौतीस आहे त्याच्या बाबतीत यंत्र शेवटचे कधी तपासले गेले, हा प्रश्नच सबंध खटला असतो. वजनमापे खात्याचा शिक्का नसलेल्या काट्यावर तोललेली भाजी गृहिणी नाकारते. तुरुंगवास तोलणाऱ्या काट्याला शिक्का मागणे हा मग पोलिसांचा अपमान कसा?

अपमानाचा मुद्दा उगाच पुढे केला जातो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यापासून या देशात चालत आले आहे, आणि ते घालून देणाऱ्या साहेबांच्या सरकारला पोलिसांविषयी ममता कमी होती असे कोणी म्हणणार नाही.

तरीही, पुराव्याच्या या काटेकोरपणाने मेलेल्याला काय मिळते, हा प्रश्न उरतोच; आणि पूर्वपक्षाचे खरे बळ त्यातच आहे. माझे उत्तर असे, की ढिसाळ पुराव्याची सर्वांत मोठी किंमत मेलेल्याचे आप्तच मोजतात. २००२ साली वांद्र्यात बेकरीसमोर झोपलेल्या माणसांवर गाडी चढून एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. तेरा वर्षांनी हायकोर्टाने प्रसिद्ध नट असलेल्या आरोपीला निर्दोष सोडले, आणि त्या निकालात रक्ताचा नमुना कसा हाताळला गेला याविषयी गंभीर शंका नोंदवल्या. उलट २००६ साली कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, तेथे रक्तात ०.११२ टक्के मद्यार्काचा दाखला होता, आणि तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. पुण्याच्या कल्याणीनगरचे १९ मे २०२४ चे प्रकरण अद्याप न्यायप्रविष्ट आहे. परंतु अल्पवयीन चालकाचे रक्त शासकीय रुग्णालयात बदलून त्या जागी त्याच्या आईचे ठेवले, हा आरोप खुद्द पोलिसांचा आहे, आणि तो उजेडात आला तो दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यामुळे. ताब्याच्या नोंदीत जी फट राहते तिच्यातून गरीब ट्रकचालक क्वचितच बाहेर पडतो. तिच्यातून शिरायला पैसा लागतो.

तेव्हा मंडन काय? प्रत्येक वेळी दोन नमुने घ्यावेत, आणि इंग्लंडात मागणाऱ्या चालकाला नमुन्याचा एक भाग मिळतो तसा तो येथेही मिळावा. यंत्राच्या तपासणीचा दाखला दोषारोपपत्राला जोडल्याशिवाय त्याचा आकडा वाचू नये. बाटली ज्याच्या ज्याच्या हाती गेली त्याने वेळ घालून सही करावी, आणि तपासी अंमलदाराच्या ओळखीतलेच पंच पुनःपुन्हा उभे राहू नयेत. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, ही सवलत ठेवावी, पण आरोपीने आकड्याला आव्हान दिले तर तज्ज्ञाला पिंजऱ्यात आणावेच. ३१ डिसेंबरच्या रात्री उभ्या असलेल्या शिपायाला हे जमणार नाही, असा आक्षेप येईल. पण मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०२ मध्ये या गुन्ह्यात अटक केलेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावे, असे लिहिले आहे, आणि ती रात्र त्यातून वगळलेली नाही. मनुष्याच्या देहासाठी मुदत आणि तिच्या भंगाचा परिणाम ज्या कायद्यात लिहिता आला, त्यात त्याच्या रक्ताच्या बाटलीसाठीही तो लिहिता येईल.