गाईला चार पाय असतात, पुढे?

‘द काऊ इज अ युजफुल ॲनिमल’ हा निबंध महाराष्ट्राच्या किती पिढ्यांनी पाठ केला असेल! चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, दूध देते. मुलगा घडाघडा म्हणतो. बाईंनी मध्येच ‘व्हेअर डू यू सी काऊज?’ असं विचारलं की गाडी जागच्या जागी अडते. ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर रिक्षांच्या रांगेत तो रोज गाय बघतो, पण प्रश्नच त्याच्या कानाने पकडलेला नसतो. मग दहावीनंतर घोडबंदर रस्त्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा आणि पैसे मोजायचे.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. लहान मुलांचा कान तयार, जीभ लवचीक, त्याचा फायदा घ्यावा हा विचार रास्तच होता. प्रत्यक्षात बऱ्याच वर्गांत पाचवीची घोकंपट्टीच चार वर्षं अलीकडे सरकली.

ही घोकंपट्टी मोडायला प्राण्यांचा धडा उपयोगी पडतो, कारण त्या विषयावर मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. आणि ठाण्याच्या मुलाकडे तर भरपूर! येऊरचं जंगल उशाला आहे. २० फेब्रुवारी २०१९ रोजी बिबट्या थेट शहरातल्या एका मॉलमध्ये शिरला आणि पुढे जवळच्या हॉटेलात त्याला बेशुद्ध करून पकडलं, ही गोष्ट घराघरांत आजही रंगवून सांगतात. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इतकं सगळं दाराशी असताना भिंतीवरच्या तक्त्यात काय, तर झेब्रा आणि याक. याकशी ठाणेकराचा काय संबंध, देव जाणे!

एका मराठी शाळेत दुसरीच्या बाईंनी काय केलं ते सांगतो. चित्र पाठीमागे लपवलं आणि म्हणाल्या, ‘इट लिव्ज इन येऊर. इट हॅज स्पॉट्स.’ वर्ग ओरडला, ‘लेपर्ड!’ पुढच्या चित्राला प्रश्न मुलांनी विचारायचे होते. एक मुलगी उठली: ‘इट इज फ्लाय?’ बाईंनी चूक काढली नाही. ‘डझ इट फ्लाय? येस, इट डझ,’ एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने तिसऱ्या बाकावरून आवाज आला, ‘डझ इट स्विम?’ व्याकरणाचा नियम फळ्यावर आलाच नव्हता.

बोलण्याआधी ऐकू द्या, हे जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात प्रयोगांनी मांडलं. ‘बेडकासारखी उडी मार’ असं इंग्रजीत सांगायचं आणि मुलांनी फक्त उडी मारायची. तोंड उघडायची सक्ती नाही. आपल्याकडे हे दुप्पट गरजेचं. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, त्यामुळे शीप आणि शिप कानाला सारखेच वाटतात. मेंढीचं आणि जहाजाचं चित्र समोर ठेवून ‘पॉइंट टू द शीप’ म्हणत राहिलं तर फरक हळूहळू कानात बसतो. लिहून घेऊन तो बसत नाही.

बाईंचंच इंग्रजी कच्चं असेल तर? ही शंका खोटी नाही. पण पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा ऐकण्या-बोलण्याचा कार्यक्रम केला, तो याच अडचणीवर: आवाज ध्वनिफितीचा, वर्ग बाईंचा. आज तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात मोबाइल आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. शाळेत वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात ‘तोंडी काम’ हे साधन आहे, त्याला गुणही आहेत. ते गुण बहुतेक ठिकाणी कविता म्हणून दाखवली की पडतात. त्याऐवजी दोन मुलं समोरासमोर बसवा, एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याने पाच प्रश्न विचारून प्राणी ओळखायचा. पन्नास मुलांच्या वर्गात पंचवीस जोड्या एकदम बोलतील. गलका होईल. शेजारच्या वर्गातून निरोप येईल, मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहतील. त्यांनी पाहावं आणि दार लोटून घ्यावं.