चार विटा आणि डावी कूस

या आठवड्यात बंगालमधल्या बराकपूरला ताईकडे होतो, आणि स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात जे पाहिलं त्यानं चीड आली. मित्रांबरोबर बिर्याणी खायला निघालेला एक तरुण आधी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी खिशात टाकत होता. जळजळ होणार हे गृहीतच! बंगालीत तिला ‘अंबल’ म्हणतात, आणि जेवणाच्या शेवटी येणाऱ्या आंबट कालवणालाही तेच नाव.

भाऊजींचंही तेच. रात्री साडेदहाला भात, माशाचा झोल, वर संदेश. अकराला उजव्या कुशीवर आडवे. मध्यरात्री आंबट पाणी घशाशी. दोष सगळा माशाच्या माथी. माझं जुनंच म्हणणं पुन्हा सांगतो: पोट ताटाइतकंच घड्याळानं बिघडतं.

दुपारच्या झोपेला बंगाली माणूस ‘भातघूम’ म्हणतो, आपण वामकुक्षी. भातघूममध्ये नुसता भात आणि झोप आहे. आपल्या शब्दानं कूसही सांगून ठेवली आहे: वाम म्हणजे डावी. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर आम्ल त्यात खाली राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर. उजव्या कुशीवर नेमकं उलट. अन्ननलिकेतलं आम्ल मोजणाऱ्या तपासण्यांतही हा फरक दिसला आहे. आणि वामकुक्षी म्हणजे शतपावलीनंतर घटकाभर पडणं, दोन तास घोरणं नव्हे.

रात्रीचं काय? बंगाली घरांत खाटेच्या पायांखाली विटा असतातच, खाली ट्रंका-डबे मावावेत म्हणून. डोक्याकडच्या दोन पायांखाली मी आणखी दोन-दोन विटा सरकवल्या. सहा इंच उंची मिळाली. उशीवर उशी रचून हे साधत नाही. मान वर जाते आणि पोट दुमडतं. जेवण आठला आणलं, दोन घास कमी वाढले, पायजम्याची नाडी सैल करायला लावली. तीन रात्री भाऊजी सलग झोपले. ताईनं जेवणानंतर चिमूटभर ओवाही दिला. त्याच्यामागे भक्कम पुरावा नसेल, पण ओव्यावरचा माझा विश्वास ढळणार नाही.

मात्र घास अडकत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल, तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांकडे जा. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. बाकीच्यांनी आज आठलाच पानं घ्या.