नेवासा सांधला, नगर तुटलं

‘मतदारसंघांची पुनर्रचना ही शेवटी आकडेमोड आहे,’ असं या आठवड्यात एका चर्चेत एका निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी ठामपणे सांगितलं आणि शेजारी बसलेल्या सर्वपक्षीय मंडळींनी माना डोलावल्या. उत्तरेच्या जागा किती वाढतील, दक्षिणेला किती फटका बसेल, महाराष्ट्राच्या पदरात काय पडेल, एवढ्यावरच सगळी चर्चा फिरत राहिली. ही नवी रेघ कोणत्या गावाच्या शिवारातून जाईल आणि कोणाला कोणापासून तोडेल, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला त्याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. कारण ही ‘आकडेमोड’ जमिनीवर उतरली की तिचं काय होतं, हे आपण २००९ पासून पाहतो आहोत. ते पाहायला दूर कुठे जायला नको, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात जाऊन यावं.

तालुका हे ग्रामीण महाराष्ट्रातल्या माणसाचं खरं राजकीय ठिकाण आहे, हा माझा जुना हट्ट वाचकांना ठाऊक आहे. जिल्हा त्याला लांबचा असतो आणि गाव अपुरं पडतं. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, बाजार समिती, खरेदी-विक्री संघ, सोयरीक आणि भांडण, सगळं तालुक्याच्या आवाक्यात चालतं. तालुका कापला की नकाशावर रेघ उमटते आणि गावकऱ्याला मात्र आपली तक्रार घेऊन कोणाच्या दारी जायचं, तेच कळेनासं होतं.

नगर जिल्ह्यात तालुके १४ आणि विधानसभेचे मतदारसंघ १२. त्यातला एक शहराचा. म्हणजे १४ तालुके उरलेल्या ११ मतदारसंघांत बसवायचे. कुठेतरी जोडाजोड होणार, हे उघड होतं आणि त्याला माझी हरकत नाही. कर्जत आणि जामखेड जोडले गेले. पाथर्डीचा स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि तालुक्याचा मोठा भाग शेवगावला जोडला गेला. पाथर्डीकरांना ते आजही खुपतं. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती नेवासा आणि नगर या दोन तालुक्यांची गोष्ट. दोघे शेजारी, एकाच जिल्ह्यातले, एकाच पुनर्रचना आयोगापुढे गेलेले, आणि तरीही त्यांचं नशीब उलटसुलट झालं.

पुनर्रचनेआधी नेवासा तालुका दोन मतदारसंघांत वाटलेला होता. काही गावं ‘नगर-नेवासा’त, काही ‘शेवगाव-नेवासा’त. नावात दोन्हीकडे नेवासा, पण आमदार ठरवताना दोन्हीकडे दुसऱ्या तालुक्याचा विचार करावा लागायचा. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवर नवी रचना केली, ती २००८ साली अमलात आली आणि नेवाशाचे दोन तुकडे सांधले गेले. तालुका आणि मतदारसंघ एक झाले. त्यानंतर काय घडलं ते पाहा. २००९ साली शंकरराव गडाख, २०१४ साली बाळासाहेब मुरकुटे, २०१९ साली पुन्हा गडाख, २०२४ साली विठ्ठलराव लंघे. चार निवडणुकांत तीन आमदार, तिघेही तालुक्यातले, आणि लोकांनी त्यांना उचललंही आणि पाडलंही. यांच्यापैकी कोण चांगला, कोण वाईट, हा माझा आजचा विषय नाही. मुद्दा असा की नेवाशाचा मतदार आपला राग किंवा आपली पसंती पूर्ण वजनानिशी व्यक्त करू शकतो. मुळा उजव्या कालव्याचं आवर्तन असो की उसाचा भाव, हिशेब एका माणसाला विचारायचा आणि पाच वर्षांनी चुकता करायचा.

आता नगर तालुका. हा तालुका शहराभोवती कड्यासारखा पसरलेला आहे. मधलं शहर वेगळं काढलं की उरतं ते नुसतं कडं, आणि कडं तोडायला सोपं. आयोगाने ते तीन जागी तोडलं. एक भाग राहुरीला, एक पारनेरला, एक श्रीगोंद्याला. गाव दक्षिणेला असो की उत्तरेला, तिथल्या माणसाला दाखल्यासाठी, दाव्यासाठी, दवाखान्यासाठी शहरातच यावं लागतं. कांदा विकायचा तर तो नेप्तीच्या उपबाजारात येणार. पंचायत समिती अख्ख्या तालुक्याची एकच. पण आमदार तीन, आणि तिघांचंही राजकारण ज्या गावाभोवती फिरतं ते नगर तालुक्याबाहेर.

आमसभेचंच उदाहरण घ्या. पंचायत समितीची आमसभा ही सामान्य माणसाची उभं राहून प्रश्न विचारण्याची जागा. अध्यक्षस्थानी आमदार, समोर सगळ्या खात्यांचे अधिकारी, आणि मांडवात तालुका. नेवाशात तिचा अर्थ सरळ लागतो. नगर तालुक्यात अध्यक्षस्थानी तिघांपैकी कोणी बसायचं? बसले तरी ज्या गावाचा रस्ता दुसऱ्या आमदाराच्या हद्दीत आहे, त्याने कोणाकडे पाहून बोलायचं? आमदार निधी मतदारसंघापुरता. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन लगतच्या गावांना जोडणारा रस्ता मध्येच दोन आमदारांत विभागला जातो. अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, आणि ज्या कामाला दोन मालक त्या कामाला एकही नसतो, हे सरकारी कचेऱ्यांत काम अडलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. नगर तालुका पर्जन्यछायेतला. दक्षिणेकडच्या गावांचं लक्ष साकळाई उपसा सिंचन योजनेकडे, नगर आणि श्रीगोंदा तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांसाठी मागितलेली आणि प्रत्येक निवडणुकीत नव्याने ऐकवली जाणारी ती योजना. दुसऱ्या बाजूच्या गावांची आशा मुळा धरणावरच्या वांबोरी चारीवर. साकळाईची मागणी पुनर्रचनेच्या आधीची आहे, त्यामुळे ती रखडण्याचं खापर मी आयोगाच्या रेघेवर फोडणार नाही. पण रेघेमुळे एक गोष्ट निश्चित घडली. साकळाई हा श्रीगोंद्याच्या आमदारांचा विषय झाला, वांबोरी चारी राहुरीच्या आमदारांचा, आणि ‘नगर तालुक्याचं पाणी’ असा एकत्रित विषय विधानसभेत मांडणारं कोणी उरलं नाही. तीन दिशांची तहान एकत्र आली असती तर तिचं वजन पडलं असतं, असं मला मनापासून वाटतं. हे कागदावर सिद्ध करून दाखवता येणार नाही, पण त्या गावांतल्या माणसांशी बोलल्यावर वेगळं काही वाटत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. दिवंगत शिवाजीराव कर्डिले नगर तालुक्यातल्या बुऱ्हाणनगरचेच होते ना? होते. नगर-नेवासा मतदारसंघ गेल्यावर ते राहुरीतून उभे राहिले आणि २००९, २०१४ आणि २०२४ साली निवडूनही आले. पण त्यासाठी त्यांना राहुरीत जाऊन पाय रोवावे लागले, आणि त्यांच्याच तालुक्यातली पारनेर-श्रीगोंद्याला जोडलेली गावं त्यांना मत देऊ शकत नव्हती. तालुक्याचा माणूस आमदार झाला, तालुक्याला आमदार मिळाला नाही. मतमोजणीच्या दिवशी राहुरीत, पारनेरमध्ये, श्रीगोंद्यात उभं राहा. ‘आता नगर तालुक्याच्या पेट्या उघडायच्यात’ हे वाक्य तिन्हीकडे ऐकू येतं. पेट्या जाऊन यंत्रं आली तरी बोलण्यात पेट्याच आहेत. त्या दिवसापुरती ही गावं महत्त्वाची असतात.

आयोगाने हे द्वेषाने केलं, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राची २००१ची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर, तिला २८८ने भागलं की एका मतदारसंघाला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं येतात. एका तालुक्यात कमी पडली की शेजारच्यातून घ्यायची. राहुरीतली काही गावं श्रीरामपूरला गेली, मग राहुरीची भरपाई नगर आणि पाथर्डीतून झाली. असा धक्का एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला दिला, आणि शेवटचा धक्का बसला तो ज्याच्या मध्ये शहर होतं त्याला. तोडताना हत्यार कोणतं वापरलं? महसूल मंडळ आणि तलाठी सजा. ‘अमुक तालुक्याचा भाग, अमुक महसूल मंडळ’ अशीच आदेशाची भाषा आहे. शेतसारा वसूल करायला आणि सातबारा ठेवायला आखलेली ही एककं. बाजाराला कोण कुठे जातं, मुलं कोणत्या शाळेत जातात, एसटी कुठून सुटते, हे त्यात कुठेही नोंदलेलं नसतं. वास्तविक २००२च्या कायद्याच्या कलम ९मध्ये प्रशासकीय घटकांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असं म्हटलेलं आहे, पण फक्त ‘विचारात घ्यावं’ अशा शब्दांत. आकडे आणि सोय यांची गाठ पडली की त्या शब्दांमुळे सोय हरते.

तुकडा पडला म्हणजे आवाज गेलाच, असंही नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातली ३६ गावं करमाळा मतदारसंघाला जोडली आहेत. तिथे ‘छत्तीस गावं’ हा राजकारणातला एक स्वतंत्र शब्द झाला आहे. २०१४ साली करमाळ्याचा निकाल अवघ्या २५७ मतांनी लागला. अशा ठिकाणी ३६ गावांकडे पाठ फिरवायची कोणाची हिंमत होईल? २०१९ साली तर माढा तालुक्यातल्या निमगावचे संजयमामा शिंदे करमाळ्याचे आमदार झाले. मग करमाळ्याच्या लोकांनी तक्रार सुरू केली की आमच्या तालुक्याचा आमदार बाहेरचा. तिकडे पंढरपूर तालुक्यातली गावं माढ्यासह वेगवेगळ्या मतदारसंघांत वाटली गेली, आणि २०२४ साली माढ्याने पंढरपूर तालुक्यातले अभिजित पाटील निवडून दिले. म्हणजे तुकडा मोठा आणि एकजीव असेल तर तो यजमानालाच भारी पडतो. नगरसारखे तीन तुकडे झाले की एकालाही तेवढं वजन उरत नाही. दोन्ही प्रकारांत कोणीतरी दुखावतं, पण नगरच्या प्रकारात दुखावलेल्याला बोलायला जागाच राहत नाही.

आणि बोलायचं तरी कोणापुढे? पुनर्रचना आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांना मताचा अधिकार नसतो, पण कानाशी ते असतात, आणि रेघ कुठे गेली की कोणाचं घर बसेल याचं गणित त्यांच्याइतकं कोणाला येतं? लोकांसाठी मसुदा राजपत्रात येतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. अंतिम आदेश एकदा निघाला की तो कायद्यासारखाच. १९६६ साली मेघराज कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसंच सांगितलं. २०२४ साली गुजरातच्या किशोरचंद्र राठोड प्रकरणात मात्र न्यायालयाने म्हटलं की आदेश उघड मनमानी असेल आणि संविधानाच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तो तपासता येईल. ही फट महत्त्वाची आहे, पण तिच्यातून नगर तालुक्यातला शेतकरी आत जाऊ शकेल, असं मला वाटत नाही. जे सांगायचं ते मसुद्याच्या वेळीच सांगावं लागेल.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात विधिमंडळाचे मतदारसंघ आखण्याचं काम १४ नागरिकांच्या आयोगाकडे आहे. तिथे समान हितसंबंध असलेली वस्ती शक्यतो तोडायची नाही, हे राज्याच्या संविधानातच लिहिलं आहे, आणि पक्षाशी, विद्यमान लोकप्रतिनिधीशी किंवा उमेदवाराशी असलेला संबंध हा असा हितसंबंध मानायचा नाही, हेही. रहिवासी आपली वस्ती कुठून कुठपर्यंत आहे ते स्वतः येऊन सांगतात. त्या पद्धतीतही वाद आहेतच. पण आपल्याकडे आमदार-खासदार आत बसतात आणि रहिवासी बाहेर थांबतो, एवढा फरक तरी पुनर्रचनेवर बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्यासाठी गाव-तालुक्यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ला गोठवल्या गेल्या. त्यानंतर आयोग बसेल तेव्हा महसूल मंडळांची यादी तयार असेल, माणसांच्या नात्यांची नसेल. ती तयार करायला अजून वेळ आहे. तालुका एका मतदारसंघात बसत नसेल तर त्याचे दोनहून अधिक तुकडे करायचे नाहीत, एवढी एक अट कायद्यात घालून घ्यायला महाराष्ट्राच्या ४८ खासदारांनी जोर लावावा. मसुदा मराठीत, गावांच्या नावांसह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आणि ग्रामसभेच्या ठरावाला हरकतीचा दर्जा मिळावा. ग्रामसभेचं नाव मी प्रत्येक विषयात काढतो, असं मला वाचक म्हणतात, आणि मी पुढेही काढणार आहे.

नगर तालुक्यातल्या गावांनी तोवर थांबू नये. तिन्ही मतदारसंघांतल्या ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव करावा: तालुका पूर्ण जुळत नसेल तर निदान दोनच भाग करा, आणि तोडताना बाजार समिती, शाळा आणि पाणी योजना यांचा नकाशा समोर ठेवा. ठरावासोबत नेवाशाचा २००८च्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन नकाशे जोडावेत. याच जिल्ह्यात हे एकदा जमलेलं आहे.