दगडी रोग व निष्प्रभ झालेलीं औषधें

रात्रीं दुधाला विरजण लावावें आणि सकाळीं पाहावें तों दहीं न होतां दूध तसेंच पाणचट राहिलेलें, असा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. गृहिणी विरजणाला किंवा हवेला दोष देतात, आणि बहुधा तो खराही असतो. परंतु कधीं कधीं कारण गोठ्यांत असतें. ज्या गाईच्या कासेंत पेनिसिलिन घातलें आहे, तिचें दूध औषध उतरण्यापूर्वींच रतिबांत आलें, तर त्यांतील औषधाचा अंश विरजणांतील उपकारक जंतूंनाच मारतो. उकळल्यानें दुधांतील जंतु मरतात. औषधाचा अंश मात्र जाईलच असा भरंवसा नाहीं. एका वेळचें दहीं बिघडणें ही क्षुल्लक गोष्ट होय. तें औषध ज्या रोगावर दिलें जातें, त्याची कथा तितकी क्षुल्लक नाहीं.

कासदाह, म्हणजे गोपालकांच्या भाषेंतील दगडी, या रोगांत कास सुजते, तापते, दगडासारखी कठीण होते. दुधांत गुठळ्या व क्वचित् रक्तही येतें. याहून फसवा प्रकार असा कीं, वरून कांहींच दिसत नाहीं, दूध मात्र घटत जातें. हा रोग करणाऱ्या जंतूंत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा फार चिवट. माणसाच्या नाकांत व त्वचेवरही तो राहतो, जखमा पिकवितो, आणि धार काढणाराच्या हातांनीं एका सडावरून दुसऱ्या सडावर जातो.

पेनिसिलिनच्या रेणूंत चार अणूंचें एक कडें आहे; औषधाची सारी शक्ति त्यांत. कांहीं जंतु असें एक द्रव्य निर्माण करतात कीं, तें हें कडेंच तोडून टाकतें. ऑक्सफर्ड येथें अब्राहम व चेन यांनीं हें द्रव्य १९४० मध्यें दुसऱ्या एका जंतूंत दाखवून दिलें. त्या वेळीं पेनिसिलिन बाजारांत आलेंही नव्हतें! म्हणजे प्रतिकाराची विद्या औषधामुळें जन्मास येते असें नव्हे. औषध चाळणीचें काम करतें. दुबळे जंतु मरतात, ती विद्या जाणणारे उरतात आणि वाढतात. शिवाय परीक्षेच्या दालनांत एकानें दुसऱ्यास हळूच वही सरकवावी, त्याप्रमाणें एक जंतु ही विद्या शेजारच्या जंतूस देऊंही शकतो. मास्तरकींत असले प्रकार मीं पुष्कळ पाहिले. पण येथें पर्यवेक्षक कोणीच नसतो.

पेनिसिलिन न जुमानणाऱ्या जंतूंसाठीं मेथिसिलिन निघालें. १९६१ मध्यें इंग्लंडांत त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आढळल्याचें प्रसिद्ध झालें, व १९७२ मध्यें बेल्जममधील गाईंच्या कासदाहांत तसेच जंतु सांपडले. २०११ मध्यें इंग्लंडमध्यें या प्रतिकाराचा एक नवाच प्रकार गाईंच्या दुधांत आणि माणसांतही आढळला. गोठा व घर यांच्यामध्यें जंतूंच्या दृष्टीनें भिंत नाहीं. मात्र औषध लागू पडलें नाहीं म्हणजे दर वेळीं प्रतिकारच असतो असेंही समजूं नये. हा जंतु कासेच्या पेशींत व लहान गळवांत दडून बसतो. तेथें औषध पुरेसें पोंचतच नाहीं.

१९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें रेडिंग येथील दुग्धसंशोधन संस्थेनें एक योजना आंखली. तींत गाय आटवितांना प्रत्येक गाईच्या चारही सडांत औषध भरावयाचें होतें. गुण आला हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु निरोगी गाईसही औषध मिळूं लागलें, आणि चाळणी अखंड चालूं राहिली. हॉलंडनें २०१२-१३ च्या सुमारास ही सरसकट प्रथा बंद करून, दूध तपासून दोषी ठरलेल्या गाईलाच औषध देण्याचें ठरविलें. कासदाह माजेल अशी भीति होती. देशाच्या एकंदर हिशोबांत कासेचें आरोग्य बिघडलें नाहीं, औषधांचा खप मात्र पुष्कळ उतरला. २८ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघांतही सरसकट प्रतिबंधक वापरास मनाई झाली आहे.

आपल्याकडे पुष्कळांच्या दारीं एक-दोनच जनावरें असतात. डॉक्टर दूर, म्हणून दुकानांतून आणलेली औषधाची नळी सडांत रिकामी करावयाची. सूज उतरली कीं पुढचे डोस टाळावयाचे. औषध सुरू असतांना, आणि नंतरही ठरलेले दिवस, दूध विकूं नये हा नियम योग्यच आहे. पण ज्याचा घरखर्च त्याच दुधावर चालतो, त्यानें तें ओतून द्यावें कसें? शहरांत लिटरमागें दोन रुपयांसाठीं घासाघीस करणाऱ्या आम्हांस त्याला नांवें ठेवण्याचा फारसा अधिकार नाहीं. त्या दिवसांची भरपाई दूधसंघांनीं करावी, व त्यासाठीं दर थोडा चढला तर आपण तो मुकाट्यानें द्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

गोठ्यांत करण्यासारखें मात्र पुष्कळ आहे. १९५७ पासून कॅलिफोर्नियाची एक सोपी परीक्षा प्रचारांत आहे: चार वाट्यांच्या तबकांत चारही सडांचें थोडथोडें दूध घेऊन त्यांत साबणासारखें द्रावण घालतात, दूध बुळबुळीत व घट्ट झालें कीं तो सड दोषी समजावा. मग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून कोणतें औषध लागू पडेल हें ठरवितां येतें. अंगठा मुडपून धार काढल्यानें सडास इजा होते. पूर्ण मुठीनें काढावी. धार झाल्यावर सड जंतुनाशक द्रावणांत बुडवावे, आणि सडाचें तोंड मिटेपर्यंत अर्धा तास जनावर खालीं बसूं नये म्हणून पुढें वैरण टाकावी. दगडी झालेलें जनावर सर्वांत शेवटीं पिळावें.