गोदामातला माल आणि मागून आलेला नियम

कराचा विषय निघाला की आपण पान उलटतो. पण कारखान्याचा वाया गेलेला रुपया शेवटी उसाच्या दरातूनच जातो, म्हणून हे चार शब्द.

कारखाना चुना, गंधक, यंत्रांचे सुटे भाग घेताना कर भरतो. साखर विकताना द्यायच्या करातून तो वळता करून घेतो. ही वजावट. आता माल गोदामात असतानाच वजावटीचा नियम बदलला, तर?

1995 साली तसे झाले. ट्रॅक्टर व मोटारी बनविणाऱ्यांच्या खात्यावर 16 मार्चला शिल्लक असलेली मॉडव्हॅटची वजावट बुडाली असे समजावे, असा नियम केंद्राने काढला. आयशर मोटर्सच्या खटल्यात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कर भरून झालेल्या जुन्या मालाला हा नियम लावता येणार नाही.

पण वाद तेथे मिटला नाही. 2017 साली जीएसटी आला, तेव्हा 12 महिन्यांपेक्षा जुन्या बिलांच्या मालावर काही व्यापाऱ्यांना वजावट नाकारली गेली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अट योग्य ठरविली, तर त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. एकाच्या मते वजावट ही सवलत, दुसऱ्याच्या मते मिळालेला हक्क.

आमचे म्हणणे सरळ आहे. सवलत द्यायची की नाही, हे सरकारने जरूर ठरवावे. पण पुढच्या खरेदीसाठी. काट्यावर वजन झाले, पावती हातात पडली, आणि मग वजावटीचा नवा नियम सांगितला, तर आपण ऐकून घेऊ का? बिल भरलेल्या मालाचेही तसेच. माल पुढे करमुक्त झाला तर साठ्यावरची वजावट परत करावी, असे जीएसटी कायद्यातच आहे. ते आधी सांगितलेले, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

सरकारला हे जमत नाही असेही नाही. 2023 मध्ये मळीवरचा कर 28 वरून 5 टक्क्यांवर आला. आधी 28 टक्क्यांनी मळी घेणाऱ्या इथेनॉलवाल्यांची वजावट काही 5 टक्क्यांवर आणली नाही. हाच न्याय सर्वत्र असावा.

आपल्या बाजूनेही ढिलाई नको. नियम बदलण्याच्या दिवशी साठ्याची मोजदाद आणि बिलांची फाईल तयार हवी. कागद नसेल तर हक्क कोर्टात उभा राहत नाही.